एका परवान्यामागे तीन किलो शिसे

वैमानिकाच्या व्यावसायिक परवान्यासाठी आपल्याकडे २०० तासांचे उड्डाण लागते. सेस्ना १७२ सारखे प्रशिक्षणाचे विमान तासाला साधारण ३० लिटर पेट्रोल जाळते. या पेट्रोलचे नाव एव्हगॅस १०० एलएल. त्याच्या एका लिटरमध्ये ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसे असू शकते. गुणाकार शाळेतल्या मुलालाही जमेल. एका परवान्यामागे तीन किलोंहून अधिक शिसे. प्रत्यक्षात शिशाचे प्रमाण कमाल मर्यादेच्या खाली असते, काही तास सिम्युलेटरवरही जातात. तरीही हिशेब किलोतच राहतो.

हे शिसे बहुतांशी इंजिनात साठत नाही. साठले तर स्पार्क प्लग बुजतील आणि इंजिन अडेल. म्हणून इंधनात ब्रोमीनचे एक संयुग मुद्दाम मिसळलेले असते. ज्वलनानंतर ते शिशाला वायुरूपात पकडते आणि धुराबरोबर बाहेर काढते. थोडक्यात, शिसे हवेत सोडले जावे अशीच या इंधनाची रचना आहे.

प्रवासी विमान धावपट्टी सोडते आणि दूर निघून जाते. शिकाऊ वैमानिकाचे तसे नसते. तो उतरणे आणि उडणे घटवत असतो. तीच धावपट्टी, तेच वळण, जमिनीपासून जेमतेम हजार फुटांवरून, दिवसातून कित्येकदा. म्हणजे शिसेही त्याच चार-पाच गावांच्या शिवारावर पुन्हा पुन्हा पडते. शिसे कुजत नाही, विरत नाही. लहान मुलाच्या रक्तात ते किती असले तर चालेल, याची सुरक्षित पातळी जागतिक आरोग्य संघटनेला सांगता आलेली नाही. कॅलिफोर्नियात सॅन होजे शहरातल्या रीड-हिलव्ह्यू या छोट्या विमानतळाभोवतालच्या मुलांच्या रक्ताचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. घर विमानतळाच्या जितके जवळ, तितके रक्तात शिसे जास्त, असे त्यात दिसले. त्या काउंटीने १ जानेवारी २०२२ पासून आपल्या विमानतळांवर शिसेयुक्त पेट्रोलची विक्री बंद केली.

आता ढोकीकडे येऊ. धाराशिव जिल्ह्यातल्या या गावाच्या एका बाजूला धाराशिवची धावपट्टी आहे, दुसऱ्या बाजूला लातूरची. दोन्ही २००९ मध्ये नांदेड, बारामती आणि यवतमाळबरोबर ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने एका खासगी कंपनीकडे गेल्या होत्या.  प्रवासी विमानांची वाट पाहणाऱ्या अशा धावपट्टीचा उपयोग काय करायचा, हा प्रश्न निघाला की पहिले उत्तर ठरलेले असते: वैमानिक प्रशिक्षण. बारामतीत ते सुरू आहे. देशाला वैमानिक हवे आहेत, मराठवाड्यातल्या मुलामुलींनाही ही संधी हवी आहे. त्याला विरोध करण्याचे कारण नाही. विचारायचे ते इतकेच की, त्या विमानाचे इंजिन कोणते असेल?

हा प्रश्न ढोकीने विचारावा याला आणखी एक कारण आहे. ढोकी म्हणजे तेरणा कारखाना. बरेच हंगाम बंद राहिलेला, सभासदांना आणि कामगारांना खूप सोसायला लावलेला, तरीही गावाची ओळख असलेला. ऊस, मळी, स्पिरिट हा क्रम इथल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. आणि शिशाचे पेट्रोल जन्माला आले ते याच स्पिरिटला बाजूला सारून.

१९२१ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिडग्ली इंजिनातल्या ठोक्यावर उपाय शोधत होता. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण सिलिंडरमध्ये दाबले की ते ठिणगीने शिस्तीत पेटण्याऐवजी मधेच आपोआप भडकते. पिस्टनवर हातोडी बसावी तसा आवाज येतो. चालकांच्या भाषेत इंजिन नॉक करते. मोटारीत त्याने इंजिन खराब होते. विमानात हवेत असताना पिस्टनला भोक पडू शकते. हा ठोका अल्कोहोलने थांबतो हे तेव्हाही माहीत होते. पण अल्कोहोल पेट्रोलच्या दहा-वीस टक्के घालावे लागते, शिशाच्या संयुगाचे काही थेंब पुरतात. शिशाच्या वापरावर पेटंट घेता येत होते. अल्कोहोल कोणीही शेतकरी गाळू शकत होता. निवड शिशाची झाली. ते विषारी आहे हे माहीत असताना झाली.

रस्त्यावर ती चूक आपण सुधारली. १ फेब्रुवारी २००० पासून देशभरातल्या पंपांवर बिनशिशाचे पेट्रोलच विकले जाऊ लागले. मोटारींसाठी शिशाचे पेट्रोल विकणारा जगातला शेवटचा देश अल्जीरिया; त्यानेही २०२१ मध्ये ते थांबवले. त्यानंतर सव्वा वर्षाच्या आत, २६ सप्टेंबर २०२२ रोजी, हिंडनच्या हवाई दलाच्या तळावर इंडियन ऑइलने स्वदेशी एव्हगॅस १०० एलएल बाजारात आणले. ते वडोदऱ्याच्या रिफायनरीत तयार होते. आयात थांबणार, परकीय चलन वाचणार, प्रशिक्षण संस्थांना इंधन स्वस्त पडणार, हे त्याचे फायदे सांगितले गेले आणि ते खरे आहेत. पण त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने पेट्रोलवर चालणाऱ्या सर्व विमान इंजिनांसाठी १०० ऑक्टेनच्या एका बिनशिशाच्या इंधनाला मंजुरी दिली होती. एकाच सप्टेंबरात एक देश शिशातून बाहेर पडायची वाट मोकळी करत होता आणि दुसरा शिशाचा कारखाना सुरू करत होता.

त्या अमेरिकी इंधनानेही प्रश्न संपलेला नाही. काही विमानांच्या रंगावर आणि टाकीच्या सीलवर त्याचा परिणाम झाल्याच्या तक्रारी आल्या. नॉर्थ डकोटा विद्यापीठाच्या उड्डाण शाळेने २०२३ मध्ये आपला मोठा ताफा बिनशिशाच्या वेगळ्या, ९४ ऑक्टेनच्या पेट्रोलवर नेला आणि काही महिन्यांतच परत शिशाकडे आणला. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक झिजू लागली होती. शिशाचा पातळ थर तिथे गादीसारखा काम करत असतो, तो नाहीसा झाला की धातू धातूवर आपटतो. नुसते इंधन बदलून भागत नाही, याचा हा पुरावा आहे.

प्रश्नाचे मूळ इंजिनातच आहे. आजच्या सेस्ना १७२ च्या नाकात असते ते लायकमिंगचे ३६० मालिकेतले इंजिन. या मालिकेची रचना १९५० च्या दशकातली. समोरासमोर आडवे झोपवलेले चार सिलिंडर, मिळून ५.९ लिटर आकारमान, हवेने थंड होणारे. एवढ्या मोठ्या धुडातून मिळते १८० अश्वशक्ती. ठिणगी अजून मॅग्नेटोची. उंचीप्रमाणे हवा आणि पेट्रोलचे प्रमाण बदलायला वैमानिकाच्या हाताशी लाल दांडा. मोटारीतून असा दांडा कधीच गेला. सिलिंडर जितका रुंद आणि जितका तापलेला, तितकी ठोक्याची भीती जास्त. म्हणून शिसे.

ही इंजिने वाईट नाहीत, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. अतिशय भरवशाची आहेत. साध्या शेडमध्ये खोलता येतात. दोन मॅग्नेटो असल्याने एक बंद पडला तरी विमान उतरते. कित्येक पिढ्यांच्या वैमानिकांना त्यांनी सुखरूप जमिनीवर आणले आहे. पण सत्तर वर्षे त्यांचा पाया तोच राहिला, तो परिपूर्ण होता म्हणून नव्हे. प्रत्येक बदल प्रमाणित करून घेण्याचा खर्च प्रचंड आणि गिऱ्हाइके मोजकी. अपघातानंतरच्या खटल्यांच्या धास्तीने अमेरिकी कंपन्यांनी हात आखडता घेतला. तिथे १९७८ मध्ये १७,८११ छोटी विमाने तयार झाली होती. १९९४ मध्ये ९२८. अशा बाजारात नवे इंजिन काढायला कोण पैसा घालणार? जुने चालते, जुने प्रमाणित आहे, जुनेच विकायचे.

त्यातही एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. १०० ऑक्टेनची, म्हणजे शिशाची, खरी गरज जास्त दाबाच्या मोठ्या इंजिनांना आहे. प्रशिक्षणाच्या विमानांतली बरीच इंजिने त्याहून कमी ऑक्टेनवर चालू शकतात. लायकमिंगनेच आपल्या अनेक इंजिनांना ९१ आणि ९४ ऑक्टेनचे बिनशिशाचे विमान पेट्रोल चालेल असे लेखी दिलेले आहे. पण छोट्या विमानतळावर दोन प्रकारची पेट्रोले कोण ठेवणार? म्हणून सर्वांत हट्टी इंजिनाला जे लागते तेच सगळ्यांना पाजले जाते.

ऑस्ट्रियातल्या रोटॅक्स कंपनीचे ९१२ हे इंजिन या कोंडीतून बाहेर पडायचा एक मार्ग होते. १३५२ घनसेंटिमीटर, १०० अश्वशक्ती, सिलिंडरची डोकी पाण्याने थंड होणारी. टेकनाम पी२००८ या प्रशिक्षण विमानात त्याचेच एक रूप बसते, आणि ही विमाने बारामतीत उडालेली आहेत. हे इंजिन मोटारीचे बिनशिशाचे पेट्रोल पसंत करते. शिशाचे पेट्रोल सतत वापरले तर तेल निम्म्या तासांतच बदला, असे कंपनीच सांगते, कारण शिशाचा गाळ तेलात आणि गिअरबॉक्समध्ये उतरतो. मग पंपावरचे पेट्रोल भरावे? कंपनीची मर्यादा आहे: इथेनॉल १० टक्क्यांपर्यंत. आपल्या पंपावर २०२५ पासून २० टक्के आहे.

उसाच्या पट्ट्याने इथे थांबून विचार करावा. रस्त्यावरच्या पेट्रोलमधून शिसे गेले आणि पुढे त्यात स्पिरिट मिसळले गेले, ही शंभर वर्षांपूर्वीच्या चुकीची दुरुस्ती आहे आणि ढोकीसारख्या गावांनी तिचा अभिमान जरूर बाळगावा. पण त्याच मिश्रणाने, कोणी ठरवले नसताना, बिनशिशाचे पेट्रोल मागणाऱ्या विमानाच्या तोंडचा घास काढला. ज्या इंजिनाला शिसे नको आहे त्यालाही शिशाच्या पिंपाकडे जावे लागते.

मग उसाच्या स्पिरिटवरच विमान का उडवू नये? उडते. ब्राझीलमध्ये एम्ब्राएरचे इपानेमा हे फवारणीचे विमान २००४ मध्ये शंभर टक्के इथेनॉलसाठी प्रमाणित झाले. आत लायकमिंगचेच सहा सिलिंडरचे इंजिन आहे, आणि इथेनॉलवर ते पेट्रोलपेक्षा २० अश्वशक्ती जास्त देते. तिथे ते जमले, कारण त्यांनी इंधनासाठी इंजिन बदलले. इंजेक्शन, पंप, सील, टाकीचे अस्तर, सगळे स्पिरिटसाठी नव्याने करून घेतले आणि मग परवानगी मागितली. स्पिरिट पाणी ओढते, रबर फुगवते आणि लिटरमागे पेट्रोलच्या दोन तृतीयांश इतकीच ऊर्जा देते. फवारणीचे विमान शेताच्या कडेलाच उतरते, त्याला हे परवडते. लांब पल्ल्याचे एकट्याचे उड्डाण शिकणाऱ्या विद्यार्थ्याला टाकीत एक तृतीयांश ऊर्जा कमी असणे परवडत नाही. म्हणून उद्या कोणी व्यासपीठावरून ‘आमच्या उसावर विमाने उडतील’ असे सांगितले, तर टाळ्या वाजवण्याआधी कोणत्या इंजिनात आणि कोणाच्या प्रमाणपत्रावर, ते विचारावे.

खरे उत्तर सध्या आपल्याच राज्यात, अमरावतीजवळच्या बेलोऱ्यात आहे. तिथल्या प्रशिक्षण केंद्रासाठी एअर इंडियाने फेब्रुवारी २०२५ मध्ये ३४ विमानांची मागणी नोंदवल्याचे जाहीर केले. ३१ पायपरची एका इंजिनाची, ३ डायमंडची दोन इंजिनांची. ही विमाने मोठ्या जेट विमानांच्याच इंधनावर, जेट ए-१ वर चालणारी आहेत. पण त्यांत जेट इंजिन नाही, पिस्टन इंजिनच आहे. जात डिझेलची. ठिणगी नाही, त्यामुळे मॅग्नेटो नाही. हवा दाबूनच इंधन पेटवायचे, म्हणजे ठोका थांबवायला काही मिसळायची गरज नाही. लाल दांडा नाही. खप तासाला वीस लिटरच्या आसपास. आणि शिसे शून्य.

या इंजिनाचा वंशही पाहण्यासारखा आहे. जर्मनीतल्या थीलर्ट कंपनीने मर्सिडीजच्या ए-क्लास मोटारीचे डिझेल इंजिन घेतले, त्याला गिअरबॉक्स आणि दुहेरी संगणक जोडला आणि २००२ मध्ये विमानासाठी प्रमाणित करून घेतले. २००८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. विमानमालकांचे हाल झाले, सुट्या भागांचे भाव गगनाला भिडले. पुढे २०१३ मध्ये कॉन्टिनेंटलने ती घेतली आणि इंजिन सुधारत नेले. पायपर आर्चर डीएक्समध्ये आज तेच बसते. मोटारीच्या इंजिनाला विमानात नेऊन सिद्ध करायला अशी वीस वर्षे जातात. आपल्या अहिल्यानगरच्या वाहन संशोधन संस्थेला हे काम नवे नाही. तिने मानवरहित विमानांसाठी इंजिने विकसित केली आहेत, त्यांपैकी तापस या विमानासाठी १८० अश्वशक्तीच्या इंजिनावर काम केले आहे. पुण्यापासून छत्रपती संभाजीनगरपर्यंत इंजिन घडवणारे हात आहेत. त्यांच्यापैकी कोणाला प्रशिक्षण विमानाचे इंजिन कोणी मागितले आहे का?

यावर शाळा चालवणारे म्हणतील, डिझेल विमान महाग. खरे आहे. वजनही जास्त. ठराविक तास भरले की बरेचदा इंजिन खोलून बसवता येत नाही, बदलावेच लागते. मेकॅनिकला नवे शिक्षण द्यावे लागते. हे सगळे मान्य. पण दुसऱ्या बाजूचा खर्चही मांडा. एव्हगॅस छोट्या धावपट्ट्यांवर पिंपांतून येते, जेट इंधन देशातल्या बहुतेक व्यावसायिक विमानतळांवर टँकरमध्ये उभे असते आणि तासाला दहा लिटर कमी लागते. आणि तीन किलो शिशाची किंमत शाळेच्या हिशेबात कुठेच येत नाही, कारण ती शाळा भरत नाही. ती धावपट्टीच्या कुंपणाबाहेरचे भरतात.

जी मोठी कंपनी शंभरावर वैमानिक दरवर्षी घडवायला निघाली आहे तिने आपल्या सोयीने हे इंजिन निवडले. कोणी भाग पाडले नव्हते. अमरावतीच्या आसपासच्या मुलांना त्याचा लाभ आपोआप मिळेल. धाराशिव आणि लातूरच्या मुलांना तो येणाऱ्या कंपनीच्या मर्जीवर का मिळावा? सरकारने प्रशिक्षण संस्थांना सवलती दिल्या आहेत. विमानतळ प्राधिकरणाने २०२१ मध्ये जळगाव, बेळगावसह पाच विमानतळांवर संस्थांना जागा दिली तेव्हा रॉयल्टी सोडून दिली होती. सवलत देणाऱ्याला अट घालण्याचा पूर्ण हक्क असतो.

अट एका वाक्याची आहे. या धावपट्टीवर तळ ठोकणारे प्रशिक्षण विमान जेट इंधनावर किंवा बिनशिशाच्या इंधनावर चालणारे असावे. जुन्या ताफ्यासाठी २०३० अखेरची मुदत. ही मुदत काही हवेतून काढलेली नाही, शिशातून बाहेर पडण्यासाठी अमेरिकेने स्वतःला घातलेली तीच आहे. महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीने ही अट पुढच्या प्रत्येक निविदेत घालावी. आणि धाराशिव-लातूरच्या लोकप्रतिनिधींनी ती निविदा निघण्याआधी वाचायला मागावी, कारण एकदा भाडेपट्ट्यावर सह्या झाल्या की अशी अट नंतर घुसवता येत नाही.